सत्तावीस नंबरची खुंटी

मी आजवर एकाच माणसाला विष दिलंय, आणि तेही त्यांच्याच अक्षरात. ते माझे घरमालक होते असं सांगितलं, की ऐकणारे समजुतीने मान हलवतात. पण तसं काही नव्हतं. घर चांगलं होतं, पाणी चोवीस तास होतं, आणि घरमालकांवर माझा जीव होता. जीव असलेल्या माणसाचाच जीव आपण घ्यायला निघतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

कशेळ्याच्या बाजाराच्या मागे त्यांचं घर. पुढच्या दोन खोल्यांत ते एकटे, मागच्या खोलीत मी. मी कर्जतला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. म्हणजे फुलाची आकृती फळ्यावर काढायचो; खरं फूल समोर आलं की माझी पंचाईत व्हायची. घरमालकांना अख्खा गाव चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. भिवपुरीच्या वीजकेंद्रात वायरमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. बायको गेलेली, एकुलती मुलगी खालापूरला दिलेली. उंच, काटक देह, छातीपर्यंत रुळणारी पांढरीशुभ्र दाढी. दाढी रोज विंचरायचे, शुक्रवारी दोनदा.

त्यांची पहिली गोष्ट जी माझ्या लक्षात आली ती त्यांच्या हाताची. कुठल्याही वस्तूला ते आधी हाताची उलटी बाजू लावायचे. दाराची कडी, फ्रीज, नळ, चहाचा कप. मला ताप आला तेव्हा माझं कपाळही त्यांनी तसंच तपासलं, आणि चालू आहे की बंद ते बघतायत असं मला वाटलं. कारण विचारलं तर म्हणाले, "सरळ हात लावलास आन् करंट असला, तर मूठ आवळते. मूठ आवळली की मानूस गेला. उलट्या हातानं झटका बसला तर हात सुटतो." चाचा घाबरट होते असं मी म्हणणार नाही. काही माणसं खिशात कंगवा बाळगतात, तशी ते भीती बाळगायचे. लागेल तेव्हा हाताशी असावी म्हणून.

तरुणपणी एका ठेकेदाराकडे काम करताना त्यांनी काहीतरी बघितलं होतं. काय ते ते कधी बोलले नाहीत. बाजारात त्याच्या तीन आवृत्त्या चालायच्या. तिन्हींत एक खांब होता, खांबावर माणूस होता, आणि खाली कुणीतरी भलत्याच लाईनवर 'काम चालू' अशी पाटी लावलेली होती.

अशा माणसाला आमरीच्या फुलांचा नाद लागला तो एका पुस्तकामुळे. आमरी म्हणजे ऑर्किड. शहरात फुलवाल्याकडे मिळतात ती नव्हेत, आपल्या डोंगरात पावसाळ्यात जमिनीतून उगवणारी. पुस्तक कर्जतच्या एका भंगारवाल्याकडे मिळालेलं. युरोपातल्या रानटी आमरींचं, जाडजूड, रंगीत चित्रांचं, आणि पूर्ण जर्मनमध्ये. चाचांना त्यातला एक शब्द वाचता यायचा नाही. मलाही नाही, पण मी मास्तर असल्यामुळे वाचता येत असल्यासारखा चेहरा करायचो. त्या पुस्तकातलं एकही फूल आपल्याकडे उगवत नाही. तरी चाचांना ती सगळी पाठ होती. त्यांनी त्यांना आपली नावं ठेवली होती: माशी, गांधीलमाशी, टोपीवाला, झोपलेली बाई. मगरिबची नमाज झाली की मला बोलवायचे आणि पुस्तक उघडून खालची ओळ तळहाताने झाकायचे.

"हे कोण?"

"माशी," मी ताबडतोब म्हणायचो. फुलाचा ओठ हुबेहूब मधमाशीसारखा, केसाळ, तपकिरी. आणखी काय असणार?

"शेपटी बघितलीस?"

मी शेपटी बघितलेली नसायची. ओठाच्या टोकाला एक बारीक शेपटी असते. ती खाली मागे वळलेली असेल तर ती माशी, पुढे उचललेली असेल तर ती वेगळी, माशीची चुलत बहीण म्हणा. बाकी सगळं सारखं. "नाव पयलं तोंडात आलं ना, की थुंकून टाक," चाचा म्हणायचे. "आधी पानं मोज. मग ओठ. मग मागची नळी किती लांब ते. मग वास. नाव शेवटाला. तुमी शिकलेली मानसं नाव पयलं घेता आन् मग झाड त्याच्यात कोंबता." एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मला घाम फुटला नव्हता तो इथे फुटायचा. रोज संध्याकाळी एका वायरमनपुढे मी नापास व्हायचो.

पुस्तक परदेशी, पण शिकलेली रीत ते इथल्या डोंगरावर वापरायचे. वरच्या ठाकूरवाडीच्या मागे एक लांब उतार आहे. त्या उतारावर त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या, एकशे चाळीस. प्रत्येक खुंटीला ॲल्युमिनियमची एक पट्टी, पट्टीवर खिळ्याने कोरलेला नंबर आणि नाव. याला कारण होतं. या जातीच्या आमरीचं फूल आठ-पंधरा दिवस टिकतं. काहींचं फूल आधी येऊन जातं आणि पान मागून येतं. दिवाळीनंतर तर वर काहीच उरत नाही, सगळं जमिनीखाली कंदात झोपलेलं. म्हणून फूल असताना खूण करून ठेवायची. चाचा दोन पावसाळे फूल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आणि मगच पट्टी कोरायचे. तोवर पट्टीवर नुसता नंबर.

आणि नियम वीजकेंद्रातला. लाईनवर चढणाऱ्याने स्वतःची पाटी लावायची, आणि ती त्यानेच उतरून काढायची. साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. खुंट्यांचंही तसंच. ज्याची खुंटी त्याने ठोकायची, त्याने उपटायची. "पडलेली दिसली तर पडू दे," मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "उचलायची नाय. येऊन मला सांगायचं."

मी हो म्हटलं. मी नियमांना हो म्हणण्यात तरबेज आहे.

त्या उतारावर मला कायम भीती वाटायची. गवत कमरेएवढं, धुकं असं की स्वतःचे बूट दिसू नयेत, आणि फुरशांचा प्रदेश. एकदा चाचा पालथे पडून भिंगातून एका फुलाची नळी मोजत होते, आणि त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर एक फुरसं वेटोळं करून बसलेलं मला दिसलं. ओरडायला मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पाय निघाले नाहीत. मी तसाच उघड्या तोंडाने उभा. चाचांनी नळी मोजली, मग पाकळ्या मोजल्या, मग पुन्हा नळी मोजली. किती वेळ गेला देव जाणे. मग भिंगातून डोळा न काढता हळूच म्हणाले, "गेलं का रं?" ते गेलं होतं. त्यांनी ते माझ्या आधी बघितलं होतं. हलायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि हलायचं नाहीच तर मोजून घ्यावं, असा त्यांचा हिशोब.

उतरताना ते म्हणाले, "भ्यालास ते बरं केलंस. बोललास नाय ते त्याच्याहून बरं." मला बोलता आलं नव्हतं हे मी त्यांना सांगितलं नाही. कौतुक फुकट मिळत होतं.

आता सत्तावीस नंबर.

सत्तावीस म्हणजे अमरकंद. तीही आमरीच. जमिनीत तिचे बटाट्यासारखे गोल गड्डे एकापुढे एक लागतात. त्या उतारावर ती भरपूर होती, आणि चाचा दरवर्षी थंडी सुरू झाली की सत्तावीस नंबरच्या ताटव्यातून एकच गड्डा काढून दुधात शिजवून खायचे. छातीला बरा म्हणून. फुलावर माशी बसली तरी श्वास रोखणारा माणूस तिचाच कंद खातो, यावरून मी त्यांना चिडवायचो. ते म्हणायचे, "एक काढतो, चार ठिकानी बी टाकतो. तू काय टाकतोस?"

त्या वर्षी जुलैत त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू बराच चढला होता. चढण झेपेना. मला म्हणाले, वर जाऊन ये, गुरांनी काय तुडवलंय का बघ. मी गेलो. पाऊस, धुकं, अंगात भिजलेला रेनकोट, आणि सत्तावीस नंबरची खुंटी चिखलात आडवी पडलेली. भोवती म्हशीच्या खुरांचे ठसे, त्यात मूळचं भोक कुठलं ते कळेना. पट्टी पाण्याच्या ओहळात अर्धी बुडलेली. अजून एक सर आली असती तर वाहून गेली असती.

आता नियमाप्रमाणे मी खाली यायचं, सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना धरून धरून पुन्हा वर न्यायचं. मला कंटाळा आला. आणि खरं सांगायचं तर थोडी घमेंडही आली. जीवशास्त्राचा मास्तर मी. अमरकंदाचं पान मला कळणार नाही? चार हातांवर गवतातून एक तजेलदार हिरवा कोंब वर आला होता, भाल्यासारखी लांब पानं. मी मोबाईल काढला. ओळख सांगणारं ॲप होतं, रेंज नव्हती. मग मी स्वतःच ठरवलं. नाव पहिलं तोंडात आलं, आणि मी ते थुंकलो नाही. दगड घेऊन खुंटी त्या कोंबाशी ठोकली. तीन ठोके.

घरी आल्यावर चाचांनी विचारलं, "ठीक हाय सगळं?"

"ठीक आहे," मी म्हटलं आणि कपडे बदलायला गेलो. आणि विसरलो. अगदी मनापासून विसरलो, हे मी शपथेवर सांगू शकतो. माझी विसरण्याची शक्ती अशी वेळेवर धावून येते.

नोव्हेंबरात चाचांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. खोकला मात्र सुरू झालेला. एका रविवारी सकाळी म्हणाले, "मास्तर, यंदा गड्डा तू आन. खुंटी बघायची, नंबर वाचायचा, हातभर खोदायचं."

मी गेलो. उतार वाळून पिवळा पडलेला, जमिनीवर एक हिरवं पान नाही. खुंटी ताठ उभी होती. पट्टीवर त्यांचं ते खिळ्याने कोरलेलं, उजवीकडे कललेलं अक्षर: २७, अमरकंद. मी खोदलं. निघाला तो कंद गोल नव्हता. लांबट, बोटाएवढा जाड, मधोमध दुमडलेला. क्षणभर मला वाटलं, हे काय? मग वाटलं, खाली दगड लागला असेल म्हणून वाकडा वाढला. पट्टीवर लिहिलंय ना? चाचांची पट्टी चुकत नाही. ज्या पट्टीने मला खात्री दिली ती मीच तिथे लावली होती, आणि मला त्याची आठवणही नव्हती. याहून पक्का पुरावा मूर्खाला कुठे मिळणार?

घरी आलो आणि अति उत्साह दाखवला. कंद तसाच चाचांच्या हातात दिला असता तर डोळ्यांना पट्टी बांधूनही त्यांनी तो ओळखला असता. मी बाहेरच्या नळावर धुतला, सोलला, अर्ध्याच्या चकत्या केल्या आणि दुधात टाकून उकळल्या. चाचांनी पातेल्याला उलटा हात लावून बघितलं. गरम होतं, एवढंच त्या हाताला कळलं. मी त्यांना वाटी भरून दिली आणि भांडी घासायला नळावर गेलो.

तिथे ठमाबाय आली. वरच्या ठाकूरवाडीची, साठीची, बाजारच्या दिवशी रानभाजी आणि मोळी घेऊन खाली यायची. चाचांचं आणि तिचं चांगलं होतं. अर्ध्या खुंट्यांच्या जागा तिनेच त्यांना दाखवल्या होत्या. चाचाचा डोळा कसा हाय म्हणून बघायला आली होती. मोळी टेकवली आणि तिची नजर नळाजवळ पडलेल्या सालींवर, आणि उरलेल्या अर्ध्या कंदावर गेली. तिने तो उचलला, उलटा-सुलटा केला.

"मास्तर, कोन बाय अडलीय रं?"

मला काही कळेना. म्हटलं, कोण बाई?

"बाळंतीन अडली की ह्येचा लेप लावतेत बेंबीखाली. म्हून इचारलं. कळलावी हाय ह्यी." मग माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघून ती हळू आवाजात म्हणाली, "तू शिजवलीस?"

मी हसलो. अजून आठवतं, मी हसलो. असं काहीतरी म्हणालोही, की अगं अमरकंद आहे तो, पट्टी होती. आणि म्हणता म्हणता वर्गातला फळा माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि फळ्यावर माझ्याच अक्षरातली विषारी वनस्पतींची यादी. कळलावी तीन नंबरला. कंद नांगराच्या फाळासारखा. दरवर्षी मी ते वाक्य मुलांकडून पाठ करून घ्यायचो.

आत गेलो तेव्हा चाचा खुर्चीत बसून चमच्याने सावकाश खात होते. "गूळ कमी पडला रं," म्हणाले.

माझ्या तोंडून पुन्हा एकदा आवाज निघाला नाही. ठमाबायने मला बाजूला ढकललं, वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली, आणि काय झालंय ते एका दमात सांगितलं. त्यांचा चेहरा हलला नाही. चार-पाच चमचे पोटात गेले होते. तिने तांब्याभर मिठाचं पाणी केलं, त्यांना न्हाणीत नेलं. "ओक, चाचा. लाज धरू नको, ओक," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि मी दारात उभा राहून मोबाईलवर वाचत होतो: लक्षणं काही तासांनी सुरू होतात, उतारा नाही. उतारा नाही, हे दोन शब्द मी किती वेळा वाचले कोण जाणे. जसं काही अजून एकदा वाचलं तर बदलतील.

बाजारात जीप उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, अजून चार शिटा येऊ दे. ठमाबाय म्हणाली, "तुझ्या शिटा गेल्या खड्ड्यात. मानूस मरतोय हितं." जीप निघाली.

कशेळे ते कर्जत हा रस्ता मी शेकडो वेळा केलाय. त्या दिवशी तो संपेना. चाचा मधल्या सीटवर ताठ बसले होते, काळा चष्मा, मांडीवर हात. मी त्यांची नाडी धरली होती आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता, कारण मी माझीच मोजत होतो. ते अधूनमधून बोलत होते, वीजकेंद्रात मीटर वाचून नोंद सांगावी तसे. "आता ओठ." थोड्या वेळाने, "आता जीभ. मुंग्या." मग, "घसा." आणि एवढ्या भीतीतही माणूस किती हलका असतो बघा: मला आधी पोलीस आठवले, मग त्यांची मुलगी आठवली, आणि मग कुठे ते स्वतः.

एका वळणावर त्यांनी विचारलं, "खुंटी कितीची?"

"सत्तावीस."

"पाटी वाचलीस?"

"वाचली."

"माझंच अक्षर?"

"तुमचंच."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. "म्हंजे माझंच चुकलं," असं पुटपुटले. आणि त्याच क्षणी मला जुलै आठवला. चिखल, म्हशीचे खूर, दगड. तीन ठोके. सगळं लख्ख आठवलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, आत्ता नको; आधी दवाखाना. मग म्हटलं, आधी बरे होऊ देत. भित्र्या माणसाला पुढची तारीख नेहमी मिळते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, आणि मी कळलावीचं शास्त्रीय नाव स्पेलिंगसकट बिनचूक सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी वनस्पती चटकन ओळखली होती.

नऊ दिवस ते तिथे होते. पहिल्या रात्रीच उलट्या, जुलाब. मग रक्तातल्या पेशी उतरल्या. तीन दिवस कुणी काही खात्रीने सांगेना. खालापूरहून मुलगी आली. तिने सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठीसुद्धा न घालता माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही बॉटनीचेच ना?" त्यापेक्षा तिने मारलं असतं तरी चाललं असतं.

चाचा वाचले. घरी आले, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी दाढी विंचरताना ती कंगव्यात आली. झुपक्यांनी. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, या विषात केस जातात, पुन्हा येतात. पण सांगितलेलं वेगळं आणि बेसिनमध्ये पडलेलं वेगळं. आठवड्यात हनुवटी उघडी पडली. त्या हनुवटीवर एक जुना खड्डा होता. तो त्यांच्या मुलीनेही कधी बघितला नव्हता. त्यांनी मफलर गुंडाळला आणि मशिदीत जाणं थांबवलं. आरशावर टॉवेल टाकला.

आणि मग एके सकाळी त्यांनी माझ्यापुढे एक गोणपाट टाकलं.

"सगळ्या खुंट्या उपटून आन."

मी म्हटलं, सगळ्या?

"एक पाटी खोटी निघाली की अख्खी लाईन बंद करायची. माझे डोळे कवापास्नं गेलेत मला काय ठावं? अजून किती चुकल्या असतील? उद्या कुनी माझी पाटी बघून खाईल. आन सगळ्या." मग खाली बघून म्हणाले, "उपटायचा हक्क माझा हाय. मी तुला देतो."

मी गोणपाट घेऊन वर गेलो. एक उपटली, दुसरी उपटली. प्रत्येक खुंटीमागे दोन पावसाळे होते, चिखलात पालथं पडून भिंगातून मोजलेले. अकरा उपटल्यावर हात चालेना. तिथेच गवतात बसलो. सांगितलं तर काय होईल, याची मी मनात यादी केली: घर जाईल, गावात तोंड दाखवता येणार नाही, मुलगी तक्रार करेल, कॉलेजात कळेल. मग न सांगितलं तर काय होईल, त्याची यादी केली. त्यात एकच गोष्ट होती. तो म्हातारा उरलेलं आयुष्य स्वतःच्या डोळ्यांना भीत काढेल. आणि रोज दोन वेळा चहा देताना मी ते बघेन.

खाली आलो. ते ओट्यावर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गोणपाट हातातच होतं.

माझ्या हातातलं गोणपाट घेऊन त्यांनी आतल्या खुंट्या मोजल्या. मग विचारलं, "पान बघितलं व्हतंस?"

"बघितलं होतं."

"किती व्हती?"

"मोजली नाहीत."

"देठ?"

"नाही बघितलं."

"किती ठोके मारलेस?"

"तीन."

त्यांनी मान हलवली, आत गेले आणि कडी लावली. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज सकाळी उठून सामान बांधायचो आणि संध्याकाळी सोडायचो. जेवणाचा डबा मात्र रोज दारात यायचा, आणि रोज मी तो उघडून वास घ्यायचो. कुणाला सांगू नका.

नवव्या दिवशी दार उघडलं. "उपटल्यास त्या आधी त्याच भोकांत परत बसव. मग पाऊस पडू दे," ते म्हणाले. "मग वर जायचं. एकेक खुंटी, एकेक फूल. मोजायचं, लिहून आनायचं. मी जानार नाय, तू जानार. ज्यानं बिघडवली त्यानं लाईन तपासायची."

त्या पावसाळ्यात मी उतारावर इतका राहिलो की ठमाबाय मला वाडीतला म्हणू लागली. धुक्यात पालथा पडून, फुरशाच्या भीतीने अंग चोरून, मी पानं मोजली, ओठ बघितले, मोजपट्टीने नळ्या मोजल्या. रोज संध्याकाळी वही वाचून दाखवायचो. चाचा पुस्तक मांडीवर घेऊन ऐकायचे आणि "बरोबर" म्हणायचे. दाढीचे खुंट पुन्हा उगवत होते, पहिल्यापेक्षा करडे. खुंट्यांमागून खुंट्या बरोबर निघत होत्या, आणि त्यांच्या पाठीचा कणा रोज थोडा सरळ होत होता. ते आता शुक्रवारी मशिदीतही जायला लागले होते, मफलर गुंडाळून का होईना.

ऑगस्टच्या शेवटी मी चौसष्ट नंबरशी पोचलो. पट्टीवर कोरलं होतं: लांब नळी. पांढरं फूल उमललं होतं. मी नळी मोजली. बोटाच्या पेराएवढी. पुन्हा मोजली. दुसऱ्या फुलाची मोजली. तिसऱ्याची. आखूड. ही लांब नळीवाली नव्हतीच, तिची चुलत बहीण होती. आणि चौसष्ट नंबरची खुंटी मी कधी पडलेली बघितली नव्हती, उचलली नव्हती, तिला हातही लावला नव्हता. खुंटी घट्ट रुतलेली होती, पट्टीचा खिळा जुना, गंजलेला.

फुरसं बघूनही माझं असं पाणी पाणी झालं नव्हतं. त्याच दुपारी एकशे दोनशी तेच.

वही घेऊन खाली आलो. चाचा ओट्यावर होते. मी वाचायला लागलो. साठ, बरोबर. एकसष्ट, बरोबर. त्रेसष्टपर्यंत आलो आणि वही मिटली.

"चौसष्ट?" चाचांनी विचारलं.

"चौसष्ट चुकीची आहे," मी म्हटलं. "तीही मीच ठोकली होती. त्याच पावसात. पडलेली दिसली, उचलली, शेजारी ठोकली. सांगायचं राहिलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. नवा डोळा फार स्वच्छ होता त्यांचा. मला वाटलं, आता विचारतील किती ठोके. त्यांनी विचारलं नाही.

"आन् एकशे दोन?" ते म्हणाले.

एकशे दोनचं मी अजून वाचलंच नव्हतं; तिचा संशय त्यांना आधीपासूनच असणार.

"तीही मीच," मी म्हटलं.

"आन् एकोनचाळीस?"

एकोणचाळीसचं फूल मी जुलैतच बघितलं होतं, त्यांना वाचूनही दाखवलं होतं. "नाही. एकोणचाळीस तुमची आहे. बरोबर आहे ती."

चाचांनी श्वास सोडला. मग मफलर सोडून बाजूला ठेवला, आणि ती अर्धवट उगवलेली करडी दाढी उलट्या हाताने चाचपून बघितली.

"तुझ्या हाताला काय म्हनावं, मास्तर," ते म्हणाले. "जातोस तिथं घोळ घालतोस."

हे ते इतक्या समाधानाने म्हणाले, की मी आणखी चार-पाच खुंट्या कबूल करायला तयार होतो.